पाहिलेला आवाज

तिचं नाव मी सांगणार नाही. उभं आयुष्य दवाखान्यात गेलं की पेशंटचं नाव बाहेर न काढण्याची सवय हाडात मुरते आणि नोकरी सुटल्यावरही ती सुटत नाही. शिवाय नाव सांगितलं की लोक म्हणतात, "काय सांगता! खरंच?" आणि मग पुढचं कोणी ऐकत नाही. तेव्हा एवढंच सांगते, की त्या काळी ज्याच्या घरी रेडिओ होता त्याच्या घरी ती होती.

कोराडीचं वीज केंद्र सुरू होऊन थोडी वर्षं झाली होती, तेव्हाची ही गोष्ट. माझा नवरा तिथे कामाला होता. पाळी संपवून बसने घरी आला की त्याच्या भुवयांवर राख असायची, आणि माझ्या सासूबाई त्याला हातपाय धुतल्याशिवाय उंबरठा ओलांडू देत नसत. आम्ही नंदनवनला राहत होतो, दोन खोल्यांत. मी धंतोलीत एका कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे सिस्टर होते. लग्नानंतर मी नोकरी सोडावी असं भावकीत बरेच जण म्हणाले. सासूबाईंनी एकेकाला घरी बोलावून चहा पाजला आणि म्हणाल्या, "शिकली कायले मंग थे? चूल पाहायले मी हाय ना."

सासूबाई उमरेडकडच्या खेड्यातल्या. छप्पन्न साली पांढरं पातळ नेसून, कडेवर माझा नवरा घेऊन, बैलगाडीने आणि मग पायी त्या नागपूरला दीक्षेसाठी आल्या होत्या. अक्षर ओळखत नसत. पण आमच्या रेडिओचा काटा कुठल्या रेषेवर केव्हा न्यायचा हे घरात त्यांच्याइतकं कोणाला जमत नसे. सकाळी भाकर थापताना तिचं गाणं लागलं की त्यांचे हात थांबत. तव्यावरची भाकर करपायची, आणि मी धावले तर त्या पिठाचा हात वर करून मलाच अडवत.

"थांब वं. बाई बोलून राहिली."

"आई, ती गाते आहे."

"तेच तं."

तिचा चेहरा मात्र आम्हाला माहीत नव्हता. टीव्ही अजून आमच्या शहरात यायचा होता. एका मासिकात एकदा तिचा फोटो छापून आला होता, पण त्यात तंबोराच जास्त दिसत होता.

त्या हिवाळ्यात तिचं गाणं नागपुरात ठरलं. आठवडाभर रिक्षातून भोंगा फिरत होता. मैदानावर मांडव पडला, कनाती लागल्या. आतल्या खुर्चीचं तिकीट आमच्या आवाक्यातलं नव्हतं, पण कनातीच्या बाहेर सतरंजी टाकून बसायला कोण अडवणार होतं? मी दवाखान्यातून सुटल्यावर तिथूनच आम्ही दोघी मैदानावर जायचं, असं आमचं ठरलं. सासूबाईंनी शाल, सतरंजी आणि दशम्यांची पुरचुंडी आदल्या रात्रीच बांधून ठेवली.

त्या दिवशी सकाळी दवाखान्यात गर्दी होती. थंडी आणि धूळ एकदम आली की नागपुरात निम्म्या गावाचा घसा धरतो. मी दाराशी टेबलावर बसून नावं लिहीत होते. करड्या शालीत कानापर्यंत गुरफटलेली एक बाई आत आली, पंचेचाळिशीची असेल. सोबत विशी-बाविशीची एक मुलगी. बोलली ती मुलगीच. तिने बाईंचं एक साधं नाव आणि साधं आडनाव सांगितलं.

"काय त्रास आहे?"

"आवाज बसलाय. चार गावं झाली लागोपाठ, त्यात गाडीत खिडकी लागत नव्हती. काल घोगरा होता, आज सकाळपासून निघतच नाही."

"बसा. नंबर आला की बोलावते."

बाईंनी मान हलवली आणि बाकावर एका बहिऱ्या आजोबांशेजारी जागा करून बसल्या. ते आजोबा त्यांना मोठ्याने काहीबाही विचारत होते आणि त्या हसून मान डोलावत होत्या. आजोबांना उत्तर ऐकू येत नव्हतं, त्यांना देता येत नव्हतं, आणि दोघांचं बरं चाललं होतं. त्यांचा नंबर आला तेवढ्यात एक आई रडणाऱ्या पोराला घेऊन धावत आली. पोराने नाकात हरभरा घातला होता. बाई उठून बाजूला झाल्या आणि हाताने त्या आईला खुणावलं, आधी तू जा. मी मनात म्हटलं, बाई भली दिसते. याहून जास्त काही माझ्या मनात आलं नाही. ज्या बाईला फक्त आवाजाने ओळखायचं, तिचा आवाजच गेलेला असेल तर ती शेजारी येऊन बसली तरी कसं कळणार?

आमच्या डॉक्टरांची तपासायची खोली काळोखी असे. खिडक्यांना जाड पडदे, पेशंटच्या खांद्यामागे एकच दिवा, आणि डॉक्टरांच्या कपाळावर गोल आरसा. त्या आरशाने दिव्याचा उजेड ते घशात टाकत. दुसरा एक लहानसा आरसा असायचा, लांब दांडीच्या टोकाला, रुपयाएवढा. तो घशात घालण्याआधी मी स्पिरिटच्या दिव्यावर शेकून द्यायची, म्हणजे श्वासाची वाफ धरत नाही.

डॉक्टर साठीचे, कमी बोलणारे. गाण्याबिण्याशी त्यांचा संबंध नव्हता. रेडिओवर फक्त बातम्या ऐकत.

"काय करता तुम्ही? शाळेत शिकवता का?" त्यांनी विचारलं. असा आवाज घेऊन आमच्याकडे मास्तरीणबाईच जास्त यायच्या.

"नाही," मुलगी म्हणाली. "ताई गातात."

"कुठे?"

मुलीने बाईंकडे पाहिलं. बाईंनी नजर खाली केली, जणू कोणी वय विचारलं होतं. मग त्या मुलीने हळूच ते नाव सांगितलं, जे शहरभर रिक्षातून भोंग्यावर फिरत होतं.

डॉक्टरांनी कागदावर 'गायिका' लिहिलं. 'शेतकरी' लिहीत, 'गृहिणी' लिहीत, त्याच अक्षरात. माझ्या हातातला आरसा ज्योतीवर तसाच राहिला.

"तापला तो, सिस्टर," डॉक्टर म्हणाले. "दुसरा द्या."

मी दुसरा दिला. डॉक्टरांनी गॉजमध्ये जीभ धरली, आरसा आत नेला आणि म्हणाले, "म्हणा, ई."

बाईंनी 'ई' म्हटलं. फाटक्या कापडावरून नख ओढावं तसा तो आवाज. मी कितीतरी घसे ऐकले होते, पण तो ऐकून मी डोळे मिटले.

"हं," डॉक्टर म्हणाले. "सिस्टर, इकडे या. हे पाहून ठेवा. सूज कशी असते ती."

ते मला नेहमीच असं दाखवत, शिकण्यासाठी. मी त्यांच्या खांद्यावरून वाकले.

त्या रुपयाएवढ्या आरशात, उजेडाच्या एका ठिपक्यात, मला ते दिसलं. दोन पट्ट्या. एरवी त्या मोत्यासारख्या पांढऱ्या असतात, या गुलाबी झाल्या होत्या आणि कडा फुगल्या होत्या. श्वास घेतला की त्या दूर होत, मधे काळोखाचा एक त्रिकोण उघडे. 'ई' म्हटलं की जवळ येत, थरथरत, पण पूर्ण मिटत नसत. माझ्या करंगळीच्या नखाएवढंही नव्हतं ते सगळं.

एवढंसं! घरोघरी भाकरी करपत होत्या त्या एवढ्याशामुळे. मी लहान असताना आमच्या वस्तीत पिंपळाखाली माणसं रेडिओभोवती कोंडाळं करून उभी राहायची, कोणी कोणाशी बोलायचं नाही, आणि गाणं संपल्यावरही घरी जायला पाय निघायचा नाही. ते सगळं इथून निघत होतं. मी तो आवाज पाहत होते. ऐकणारे सगळ्या देशात होते, पण पाहणारे त्या घटकेला आम्ही दोघंच होतो, आणि त्यातल्या एकाला ते काय आहे हे माहीतच नव्हतं.

डॉक्टरांनी आरसा काढला. तेवढ्यात कार्यक्रमाचे एक संयोजक आत आले. मघापासून बाहेर गाडीत बसून होते, त्यांना धीर निघेना.

"डॉक्टरसाहेब, काहीतरी इंजेक्शन द्या," ते म्हणाले. "संध्याकाळ निभावली पाहिजे. मांडव पूर्ण भरणार आहे. बाहेरगावाहून लोक आलेत."

"इंजेक्शन आहे," डॉक्टर म्हणाले. "दोन तास आवाज निघेलही. पण ही सूज पाहता, जोर दिला तर आत रक्त येऊ शकतं. मग उद्या कसला आवाज निघेल, की निघणार नाही, हे मी सांगू शकत नाही. नाहीतर आठ दिवस पूर्ण मौन. कुजबुजायचंसुद्धा नाही. ठरवा."

सगळे बाईंकडे पाहू लागले. त्यांनी संयोजकांकडे पाहिलं नाही, मुलीकडे पाहिलं नाही. डॉक्टरांच्या हातातल्या त्या छोट्या आरशाकडे बोट केलं, मग स्वतःच्या डोळ्यांकडे.

"काय म्हणतात?" डॉक्टरांनी विचारलं.

मला कळलं. "डॉक्टर, त्यांना पाहायचं आहे."

डॉक्टरांनी कपाळावरचा आरसा वर सरकवला. अशी मागणी त्यांच्याकडे कोणी केलेली नसावी. मग म्हणाले, "बेसिनवरचा आरसा आणा."

बाहेर खिळ्याला टांगलेला चौकोनी आरसा मी आणला. त्याचा एक कोपरा उडालेला होता. डॉक्टरांनी पुन्हा कपाळावरचा आरसा नीट केला, पुन्हा जीभ धरली, आणि मी त्यांच्या कानाशेजारी तो चौकोनी आरसा धरून उभी राहिले. थोडं वर, थोडं डावीकडे, असं करता करता बाईंचे डोळे एकदम स्थिर झाले. मी समजले, दिसलं.

बाहेर बहिरे आजोबा कोणाला तरी मोठ्याने विचारत होते, नंबर कितवा आहे म्हणून. बाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. घशात आरसा गेला की ते सगळ्यांच्याच डोळ्यांतून वाहतं, त्यामुळे त्याचा अर्थ मी लावत नाही. पण त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते पाणी नव्हतं. जन्मभर ज्याच्यासोबत राहिलो, पहाटे उठून ज्याची सेवा केली, ज्याच्यामुळे लोकांनी डोक्यावर घेतलं, त्याला माणूस पहिल्यांदा पाहत होता.

आरसा काढल्यावर त्या बराच वेळ गळ्यावर हात ठेवून बसल्या. मग त्यांनी हात जोडले. डॉक्टरांना, की मला, की आणखी कशाला, ते मला कळलं नाही.

मग संयोजकांकडे वळून त्यांनी मान हलवली. नाही.

"अहो, पण लोक खुर्च्या फोडतील," संयोजक रडकुंडीला आले.

बाईंनी त्या मुलीच्या खांद्यावर हात ठेवला आणि तिला जरा पुढे केलं.

"मी?" मुलगी दचकली. "नाही हो ताई. तुम्हाला ऐकायला आलेल्या लोकांसमोर मी? मला हाकलून देतील."

बाईंनी स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं, मग मुलीच्या मागे हवेत एक जागा दाखवली. मी तुझ्यामागे बसेन. पुढे वाद घालायला वाव नव्हता, कारण त्या बोलतच नव्हत्या.

डॉक्टर म्हणाले, "संध्याकाळपर्यंत इथेच थांबा. मुक्कामाच्या जागी गेलात तर लोक भेटायला येतील, आणि लोक आले की माणूस बोलतो. मागच्या खोलीत पलंग आहे. सिस्टर वाफ देतील."

मुलगी रियाज करायला आणि रडायला, बहुधा दोन्ही करायला, संयोजकांबरोबर गेली. दुपारभर मी त्यांना किटलीतून वाफ देत होते. टॉवेलखाली त्यांचं डोकं, वर औषधाचा वास. मी काही विचारत नव्हते, आणि विचारलं असतं तरी उत्तर द्यायला बंदी होती. सांगण्यासारखं माझ्याकडे खूप होतं. त्या पिंपळाचं सांगावं असं वाटलं, करपलेल्या भाकरींचं सांगावं असं वाटलं. शेवटी मी एवढंच म्हटलं, "पाणी गरम फार नाही ना?" त्यांनी मान हलवली, नाही.

चारच्या सुमाराला मी उपकरणं उकळायला बाहेर गेले. परत आले तर मागच्या खोलीतून बोलण्याचा आवाज. त्या बोलल्या की काय? दाराशी येऊन पाहते तर सासूबाई! नेहमीसारख्या वेळेच्या आधी आल्या होत्या आणि नेहमीसारख्या थेट मागच्या खोलीत जाऊन बसल्या होत्या. सतरंजीची वळकटी मांडीवर, आणि पलंगावर शालीत बसलेल्या बाईंना त्या समजावून सांगत होत्या.

"घसा धरला का तुमाले? बोलू नका, बोलू नका, मीच सांगतो. आज त्या बाईचं गानं हाय ना मैदानात, थेच ऐकाले चाललो आमी. तुमी ऐकलं काय तिचं? नाई? बाप्पा! माह्या सुनेले विचारा. सक्काळी थे बाई बोलाले लागली का मले काई सुदरत नाई. भाकर जयते. माहे मालक गेले तवा मी रडलीच नाई, लोक म्हने इचं काळीज दगडाचं हाय. मंग बारा-पंधरा दिवसांनं रेडूवर तिचं एक गानं लागलं, आन् मी अशी रडली, अशी रडली, का शेजारची धावत आली. तिनं रडवलं मले. तिले काय मालूम!"

मी आत पाऊल टाकलं आणि म्हणणार होते, आई, अहो ह्याच त्या. पण बाईंनी माझ्याकडे पाहून ओठांवर बोट ठेवलं. त्यांचे डोळे डबडबले होते आणि त्या हसतही होत्या.

"तुमी गाता का काई?" सासूबाईंनी विचारलं.

बाईंनी दोन बोटांत जरासं अंतर ठेवून दाखवलं. थोडंसं.

"मी बी थोडंसंच. जात्यावरचं. आमी दीक्षा घेतली ना, तवा जुन्या ओव्या सोडल्या, चाल तेवढी ठेवली. शब्द आमचे." आणि कोणी म्हण असं म्हटलेलं नसताना, गुडघ्यावर हात गोल फिरवत, माझ्या सासूबाईंनी तिच्यासमोर ओवी म्हटली:

"दळता दळता माय, उजेड आला दारी,
लेक चालली शाळेले, पाटी तिच्या खांद्यावरी."

त्यांचा आवाज जाडाभरडा, शेवटी थोडा चिरका होणारा. बाईंनी बोट गोल फिरवलं. पुन्हा. सासूबाईंनी पुन्हा म्हटली. पुन्हा बोट फिरलं. आता बाई पलंगाच्या कडेवर हलक्या हाताने ठेका धरत होत्या आणि त्यांचे ओठ शब्दांबरोबर हलत होते, नुसते ओठ. मी दाराच्या चौकटीला टेकून उभी होते. मला वाटलं, आता या क्षणी कोणी नंबर विचारायला येऊ नये, फोन वाजू नये, किटलीचं झाकणही वाजू नये.

"आवडली? मायवं!" सासूबाई खूष झाल्या. "तुमी बी चला आमच्यासंग. कनातीच्या बाहीर बसू. सतरंजी मोठी हाय."

बाईंनी त्यांचा हात हातात घेतला आणि मान डोलावली. चला.

साडेपाचला गाडी आली. डॉक्टरांनी किटली आणि औषध माझ्या हातात देऊन सांगितलं, "सोबत जा. त्या बोलल्या तर मला येऊन सांगा." बाईंनी सासूबाईंचा हात सोडलाच नाही, त्यांना गाडीत आपल्याशेजारी बसवलं. सासूबाई जन्मात पहिल्यांदा अॅम्बॅसिडरमध्ये बसत होत्या. पुढच्या सीटकडे वाकून त्या माझ्या कानात म्हणाल्या, "मोठ्या घरची दिसते वं. पन गरव नाई."

मैदानावर गाडी मांडवाच्या मागल्या बाजूने आत गेली. बाईंनी संयोजकांना खूण करून आम्हा दोघींना पुढच्या रांगेत बसवलं आणि पडद्याआड निघून गेल्या. सासूबाईंना वाटलं, बाईंची कोणी ओळखीची माणसं असतील आत, म्हणून आम्हाला खुर्च्या मिळाल्या.

पडदा उघडला. संयोजकांनी हात जोडून सांगितलं, बाईंचा आवाज गेला आहे, आज त्यांची शिष्या गाईल. मांडवभर कुजबुज झाली, मग आवाज चढले. मागून कोणीतरी ओरडलं, "पैसे वापस करो!" शिट्ट्या वाजल्या. खुर्च्या सरकल्या.

तेव्हा ती स्वतः आली. शाल नव्हती, साधी जरीकाठी साडी होती. मंचाच्या अगदी पुढे येऊन उभी राहिली आणि हात जोडले. माफी मागायला शब्द नव्हते, समजवायला आवाज नव्हता. नुसती हात जोडून उभी, शिट्ट्यांच्या समोर. मी मोजलं नाही, पण फार वेळ. हळूहळू एकेक शिट्टी विझली. मागच्यांनी पुढच्यांना बसायला सांगितलं. एवढा मांडव, आणि शेवटी एवढी शांतता झाली की कनातीचं कापड वाऱ्याने फडफडलेलं ऐकू येत होतं. मला दवाखान्यातली ती काळोखी खोली आठवत नव्हती, काही आठवत नव्हतं. एक मुकी बाई हजारो माणसांना गप्प करते हे मी पाहत होते.

सासूबाईंनी माझं मनगट घट्ट धरलं.

"सूनबाई, थे तं आपली दवाखान्यातली बाई होय."

"हो, आई."

"म्हंजे मी तिलेच तिचं सांगून राहिली होती?"

"हो."

"आन् ओवी..." त्यांनी पदर तोंडावर धरला. "मले अडवलं काहून नाई तिनं?"

"त्यांना ऐकायचं होतं, आई."

मंचावर बाई मागे जाऊन बसल्या, तंबोरा मांडीवर घेतला. मुलगी पुढे. तिचा पहिला सूर इतका कापत होता की मलाच घाम फुटला. बाईंनी तंबोऱ्यावरचा हात थांबवला नाही, दुसरा हात फक्त तिच्या पाठीवर ठेवला. सूर हळूहळू उभा राहिला. काही लोक उठून गेले, नाही असं नाही. पण बहुतेक बसले. त्या मुलीने चांगलं गायलं. तिच्या गुरूसारखं नाही, पण चांगलं. गाणाऱ्या मुलीपेक्षा लोक तिच्यामागे डोळे मिटून तारा छेडणाऱ्या बाईकडेच पाहत होते. ती मुलगी पुढे मोठी झाली, पण ती निराळी गोष्ट.

निघताना भेट झाली नाही. गाडी थेट स्टेशनला गेली. किटली माझ्याकडेच राहिली.

नंतर बरेच महिने रेडिओवर तिची जुनीच गाणी लागत होती. मी डॉक्टरांना एकदोनदा विचारलं. "मौन पाळलं असेल तर बरी होईल," ते म्हणाले. त्यापलीकडे त्यांना काही माहीत नव्हतं, आणि मला झोप लागत नव्हती असं नाही, पण भाकर थापणाऱ्या सासूबाई आणि मी, आम्ही दोघी त्या विषयावर बोलायचं टाळत होतो.

उन्हाळ्यात एका सकाळी दवाखान्यात फोन आला. तीच मुलगी. "आज ताई गाडीने जाताहेत. गाडी दुपारी नागपूरला थांबते. म्हणाल्या, सिस्टरांना आणि आईंना जमेल का विचार."

म्हणाल्या. मी त्या एका शब्दावरच अडकले.

डॉक्टरांनी सुट्टी दिली. मी रिक्षा करून नंदनवनला गेले, तर सासूबाईंनी ऐकताक्षणी चूल पेटवली. प्लॅटफॉर्मवर पोचलो तेव्हा ऊन असं होतं की पाण्याच्या पंपाशी रांग लागली होती. गाडी आली. आम्ही डबे पाहत धावत होतो, आणि एका खिडकीतून कोणीतरी म्हणालं, "आई, इकडे. इकडे या."

मी तो आवाज ओळखला नाही. रेडिओतल्यासारखा तो मुळीच नव्हता. बोलण्याचा साधा आवाज, किंचित जाड, शेजारणीने कुंपणावरून हाक मारावी तसा. मी जागच्या जागी थांबले. ही बाई असं बोलते! असंच बोलत असेल, घरात, बाजारात, नळावर. आणि मग ते दुसरं कुठे ठेवत असेल? मी ते उगमापाशी पाहिलेलं होतं, तरी मला कळत नव्हतं, अजूनही कळत नाही.

सासूबाई खिडकीशी पोचल्या. "बरा झाला का घसा?"

"बरा झाला, आई. आठ दिवस पुरले नाहीत, दोन महिने बोलले नाही. मग हळूहळू."

"मंग गाता का?"

"पहाटे थोडंसं. आता पुढच्या महिन्यात मैफलीला बसणार आहे."

सासूबाईंनी पुरचुंडी खिडकीतून आत दिली. "भाकर हाय. आन् ठेचा."

"आई!" मी म्हटलं. "ठेचा? त्यांच्या घशाला?"

बाई खळखळून हसल्या. ते हसणंही मी पहिल्यांदाच ऐकलं. "राहू द्या, सिस्टर. आज गाणं नाही, आज चालेल." मग माझ्याकडे जरा झुकून म्हणाल्या, "तुम्ही आरसा फार स्थिर धरला होता. हात हलला असता तर मला दिसलं नसतं."

शिट्टी झाली, गाडी हलली. बाईंचा हात खिडकीबाहेर बराच लांबपर्यंत दिसत होता. सासूबाई उन्हात हात कपाळाशी धरून पाहत उभ्या होत्या. गाडी दिसेनाशी झाल्यावर त्या माझ्याकडे वळल्या.

"वाळून गेली वं बाई," त्या म्हणाल्या. "तिच्या घरी तिच्या खाण्यापिण्याचं कोनी पाहते का नाई?"

आणि आम्ही पुलाकडे चालू लागलो.